जिवंत प्रायमर काढायची वेळ आली तर

आमच्या नेमबाजीच्या क्लबात दर वसंतात कोणीतरी पुंगळ्यांचा, म्हणजे काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळकांड्यांचा, डबा घेऊन माझ्याकडे येतं. त्यांच्या बुडात प्रायमर, म्हणजे टोल्याने पेटून दारूला आग देणाऱ्या छोट्या टोप्या, बसवून झालेले असतात आणि आता ते काढायचे असतात. कारणं ठरलेली आहेत. रायफलच्या पुंगळीत पिस्तुलाचा प्रायमर गेला, एखादा उलटा बसला, किंवा सगळे बसवून झाल्यावर उजेडात धरलं तर मानेला चीर दिसली. गेल्या वेळी डबा .३०-०६ च्या पुंगळ्यांचा होता. त्या ज्या रायफलीसाठी भरायच्या होत्या ती एम-१ गॅरंड, आणि बसवलेले प्रायमर नाजूक वाटीचे, मॅचसाठीचे. गॅरंडची फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट, म्हणजे काडतुसाची जागा मागून बंद करणारा सरकता भाग, बंद होताना ती स्वतःच्या वजनाने पुढे सरकून प्रायमरला हलका टोला देते. वाटी मऊ असेल किंवा प्रायमर थोडा वर राहिला असेल, तर घोडा न दाबताही बार उडू शकतो. म्हणून त्या रायफलीत बरेच जण कडक वाटीचा सीसीआय कंपनीचा ३४ नंबरचा प्रायमर वापरतात. त्या डब्यातले प्रायमर काढणं गरजेचंच होतं.

मी ओहायोत राहतो. तळघरात माझं टेबल आहे, त्याला प्रेस, म्हणजे दांड्याने पुंगळीवर दाब द्यायचं यंत्र, नट-बोल्टने आवळलेली आहे. उन्हाळ्यात ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरीला नेमबाजीचे सामने होतात, १९०७ पासून बहुतेक वर्षं तिथेच झाले आहेत, त्यासाठी मी माझी काडतुसं स्वतः भरतो. धंद्याने मी टूलरूमचा माणूस. खडकीत वाढलो, तिथे दारूगोळा कारखान्याचा भोंगा घड्याळाचं काम करायचा. त्यामुळे स्फोटकाबद्दल धास्ती आणि मशीनबद्दल विश्वास या दोन्ही गोष्टी अंगात आहेत, आणि या कामाला दोन्ही लागतात.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायची म्हटलं की लागतो. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, ते आपापले तपासा. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम परवान्याशिवाय दारूगोळा बनवायला मनाई करतं, आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भागही येतात. म्हणजे पुण्या-कोल्हापुरात बसून वाचत असाल तर हे माहितीपुरतं वाचा, टेबल मांडू नका. तसंही स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्य जिंकलं, ती ५० मीटरची रायफल .२२ रिमफायर असते. त्या काडतुसात वेगळा प्रायमर नसतोच. स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेत आतून भरलेलं असतं, ते काढायचा प्रश्न येत नाही आणि कोणी प्रयत्नही करू नये. हा सगळा लेख सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मध्यभागी वेगळा प्रायमर असलेल्या, काडतुसांबद्दल आहे.

आत काय असतं ते कळल्याशिवाय हात लावू नये, म्हणून इथे जरा थांबतो.

प्रायमर म्हणजे पितळेची छोटी वाटी. मोठ्या आकाराचा व्यास ०.२१० इंच, लहानाचा ०.१७५ इंच. वाटीच्या तळाशी स्फोटक मिश्रणाची चपटी गोळी असते. त्यात मुख्य असतं लेड स्टिफनेट, सोबत थोडं टेट्राझीन, बेरियम नायट्रेट, अँटिमनी सल्फाइड. त्यावर ऐरण बसवलेली असते. ही ऐरण म्हणजे पातळ पत्र्याची तिपाई. तिचं टोक मिश्रणाकडे आणि पाय पुंगळीच्या खोबणीच्या तळाकडे. बंदुकीची पिन बाहेरून वाटीवर आदळते, मिश्रण वाटी आणि ऐरणीच्या टोकात चिरडलं जातं, ठिणगीचा लोळ मधल्या बारीक भोकातून दारूपर्यंत पोहोचतो. हे भोक, म्हणजे फ्लॅश होल, साधारण ०.०८० इंचाचं, दोन मिलिमीटरचं.

आता आपण प्रायमर काढतो तेव्हा काय होतं ते बघा. डीकॅपिंग पिन, म्हणजे प्रायमर ढकलून काढायची बारीक सळी, पुंगळीच्या तोंडातून आत जाते, फ्लॅश होलमधून खाली उतरते आणि थेट ऐरणीच्या पाठीवर टेकते. म्हणजे ऐरणीचं टोक आपण आपल्या हाताने मिश्रणाकडे ढकलत असतो. हे वाचून पोटात गोळा आला तर चांगलंच आहे. मग तो उडत का नाही? कारण हे मिश्रण टोल्याने पेटतं, सावकाश दाबाने सहसा नाही. दिवाळीतली टिकली आठवा. अंगठ्याने दाबत बसलात तर काही होत नाही, दगडाने ठेचली की फाट. प्रायमरचंही तसंच, फक्त त्याची ताकद टिकलीच्या कितीतरी पट. पिन सावकाश, सरळ रेषेत दाबली की ऐरण, मिश्रण आणि वाटी तिघं मिळून खोबणीतून खाली सरकतात. झटका दिला, दांडा आपटला, हातोडी मारली, की तो टोला झाला.

'सहसा' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. बरीच हँडबुकं आणि प्रायमर बनवणाऱ्या कंपन्या सांगतात की जिवंत प्रायमर दाबून काढूच नका. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. जुने लोक वर्षानुवर्षं काढत आले आहेत आणि बहुतेकांचं काही बिघडलेलं नाही, हेही खरं. माझा नियम असा आहे: बंदुकीत उडवून टाकता येत असेल तर उडवून टाका. उडवता येत नसेल, आणि प्रायमर धड असेल, तरच प्रेसवर न्या. प्रायमर धड नसेल तर दोन्ही नको.

उडवून टाकणं म्हणजे काय, ते सविस्तर सांगतो, कारण त्यातही लोक घाई करतात. पुंगळी पूर्ण रिकामी हवी, गोळी नाही, दारू नाही. प्रत्येक पुंगळी उलटी करून टेबलावर ठोका आणि मग टॉर्च मारून आत बघा. रायफल रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला, कानाला मफ. बोल्ट अ‍ॅक्शन रायफल असेल तर उत्तम. एक पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतुसाच्या जागेत, घोडा, बार. आवाज फटाक्याएवढा होतो. दारूचा दाब नसल्यामुळे उडालेला प्रायमर मागे सरकून खोबणीतून थोडा बाहेर येतो. रायफलीत त्याचा फारसा त्रास नाही, पण रिव्हॉल्व्हरमध्ये तो मागे घासून सिलिंडर अडकवू शकतो. मग नळी साफ करायची.

यात एक छुपी किंमत आहे, ती फार जणांना माहीत नसते. बाटलीसारख्या खांद्याच्या पुंगळीत नुसता प्रायमर उडवला की पिनेचा टोला पुंगळीला पुढे ढकलतो. दाब नसल्याने पुंगळी परत मागे ताणली जात नाही आणि खांदा किंचित मागे सरकू शकतो. मग ती पुंगळी चेंबरला आखूड पडते. म्हणून अशा पुंगळ्या नंतर केस गेजमध्ये, म्हणजे पुंगळीचं माप तपासायच्या साच्यात, घालून बघायच्या आणि आखूड असतील तर भंगारात टाकायच्या. दोन-चार पुंगळ्या असतील तर हा तोटा काहीच नाही, मी दरवेळी हाच मार्ग सुचवतो. डबाभर महागड्या मॅच पुंगळ्या असतील तेव्हाच प्रेसचा विचार येतो. २०२० नंतरच्या दोन वर्षांत इथे प्रायमरचा दुष्काळ पडला होता, तेव्हा लोक एकेक प्रायमर वाचवायला प्रेसवर बसले. ते कारण मला कधीच पटलं नाही. काही सेंटची वस्तू वाचवायला डोळा पणाला लावायचा नसतो.

आता प्रेसवर कधीच न्यायचं नाही असं काय काय आहे, ते बघू.

आडवा बसलेला, चिरडलेला प्रायमर. बसवताना तो तिरका गेला आणि कोणीतरी दांड्यावर जोर केला की वाटी दुमडते, मिश्रणाला तडे जातात, त्याचा भुगा कुठे कुठे अडकलेला असतो. त्या अवस्थेत तो किती दाब सहन करेल याचा अंदाज कोणालाही येणार नाही. अशी पुंगळी चेंबरमध्येही घालायची नाही, कारण बाहेर आलेली कडा बोल्टवर घासते. ती बाजूला काढायची, एकेकटी, चिठ्ठी लावून, आणि रेंजवर किंवा स्थानिक अग्निशमन दलाला विचारून विल्हेवाट लावायची. एका पुंगळीचा मोह सोडा.

बर्डन प्रायमरच्या पुंगळ्या. १८६६ च्या सुमारास दोन माणसांनी दोन पद्धती काढल्या, वुलिचच्या शस्त्रागारातला इंग्रज कर्नल एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकन हायरम बर्डन. गंमत अशी की इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. बॉक्सरमध्ये ऐरण प्रायमरच्या आत असते आणि फ्लॅश होल एकच, बरोबर मध्ये. बर्डनमध्ये ऐरण पुंगळीच्याच धातूची असते आणि भोकं दोन, मध्याच्या दोन्ही बाजूंना. त्यात डीकॅपिंग पिन घातली तर ती मधल्या धातूवर आदळते, वाकते किंवा मोडते, आणि हे सगळं जिवंत प्रायमरच्या डोक्यावर चाललेलं असतं. टॉर्च मारून आत बघा, मध्ये एक भोक दिसलं तरच पुढे. इथल्या गन शोमध्ये .३०३ च्या जुन्या लष्करी काडतुसांचे ढीग असतात, त्यात बुडावर 'के.एफ.' छाप असलेली खडकीची काडतुसं हमखास सापडतात. मी ती हातात घेतो, छाप बघून जरा बरं वाटतं, आणि परत ठेवून देतो. ती बर्डनची आहेत.

लष्करी पुंगळीतला क्रिंप केलेला मूळ प्रायमर. खोबणीच्या कडेचं पितळ दाबून प्रायमर जखडलेला असतो, तो निघायला जास्त जोर लागतो. जास्त जोर आणि जिवंत प्रायमर ही जोडी मला नको. उडवून टाका, मग मेलेला प्रायमर काढा.

भरलेलं काडतूस तर सांगायलाच नको, पण सांगतो. गोळी आणि दारू आत असताना डीकॅपिंगचा विषयच निघत नाही. आधी बुलेट पुलरने गोळी ओढा, दारू ओता. हातोडीसारखा इनर्शिया पुलर वापरत असाल तर सोबत आलेलं कॉलेट, म्हणजे काडतूस धरणारी पकडच, वापरा. बरेच जण सोय म्हणून त्यात प्रेसचा शेल होल्डर, म्हणजे पुंगळीचं बूड धरणारा तुकडा, लावतात, ते करू नका. दारू ओतल्यावर दोन-चार दाणे कोपऱ्यात चिकटून राहतातच, तेवढे प्रायमरच्या ज्वाळेला पुरेसे असतात. पुन्हा ठोका, पुन्हा टॉर्च.

आणि साधन म्हणून हातोडी-पंच, म्हणजे जुना ली लोडर पद्धतीचा संच, जिवंत प्रायमरसाठी अजिबात नाही. प्रोग्रेसिव्ह प्रेसही, म्हणजे एका दांड्यात बरीच कामं करणारी प्रेस, नाही. तिच्या नळीत शंभर प्रायमर एकावर एक रचलेले असतात. खाली एक उडाला आणि त्याची ज्वाळा नळीपर्यंत गेली तर शंभरच्या शंभर उडतात, नळी छताला जाते. हा अपघात या छंदात नवा नाही.

एवढं गाळून जे उरलं ते प्रेसवर. साधी, मजबूत सिंगल स्टेज प्रेस, म्हणजे एका वेळी एकच काम करणारी. माझी आरसीबीएसची रॉक चकर आहे, लीची क्लासिक कास्टही छान. डाय, म्हणजे प्रेसच्या वरच्या बाजूला बसणारा पोलादी साचा, मात्र साइझिंग डाय नको, युनिव्हर्सल डीकॅपिंग डाय घ्या. कारण हातात बसणारं आहे. साइझिंग डायमध्ये पुंगळीचं अंग दाबलं जातं, त्याला जोर लागतो, तेल लागतं, आणि त्या जोरात पिन प्रायमरला कधी टेकली हे हाताला कळतच नाही. युनिव्हर्सल डायमध्ये पुंगळी सैल फिरते, फक्त पिन काम करते. दांड्यावर जे जाणवतं ते प्रायमरचंच असतं. या कामात तुमचं मुख्य मोजमाप म्हणजे हाताचा अंदाज, तो दुसऱ्या कशाने झाकला जाऊ देऊ नका.

सुरुवात मेलेल्या प्रायमरने करा. आधी वापरलेली, प्रायमर उडालेली त्याच मापाची पुंगळी घ्या. तिच्यावर डायची उंची लावा, पिन बरोबर मध्यावर उतरते ना बघा. वाकडी पिन भोकाच्या कडेला घासते, ती लगेच बदला. मग आणखी काही मेलेले प्रायमर काढून दांड्याला किती जोर लागतो ते अंगवळणी पाडा. जिवंताला यापेक्षा फार जास्त लागला की थांबायचं, हीच तुमची खूण.

टेबल मोकळं करा. मोकळं म्हणजे खरंच मोकळं. दारूचे डबे दुसऱ्या खोलीत, झाकण लावून. प्रायमरची पाकिटं कपाटात, त्यांच्या मूळ खोक्यात. इथल्या एनएफपीए ४९५ या मानकानुसार घरात जास्तीत जास्त १०,००० प्रायमर ठेवता येतात, पण काम करताना टेबलावर मात्र एकच जिवंत प्रायमर असावा, जो त्या क्षणी शेल होल्डरमध्ये आहे तो. ज्या पुंगळ्यांचं काम व्हायचंय त्याही हाताच्या अंतरावर नको, बाजूच्या स्टुलावर ट्रेमध्ये ठेवा. प्रेसची जुन्या प्रायमरांची बाटली किंवा कॅचर रिकामा करून पुसून घ्या, त्यात काळा भुगा साचलेला असतो. तळाशी ओल्या फडक्याचा तुकडा ठेवा म्हणजे पडणारा प्रायमर उसळत नाही.

डोळ्याला झेड८७ या सुरक्षा मानकाच्या छापाचा पॉलिकार्बोनेट चष्मा, आणि शक्य असेल तर वर पूर्ण तोंडाची जाळी किंवा शील्ड. नंबरचा चष्मा पुरत नाही. कानाला मफ, कारण बंद खोलीत एक प्रायमर उडाला तरी कान बसतो. हिवाळ्यात इथे हवा कोरडी असते, गालिच्यावरून चालत आलात की दाराच्या कडीला चटका बसतो, तसा चटका प्रायमरजवळ नको. काम सुरू करण्याआधी प्रेसच्या उघड्या लोखंडाला हात लावून घ्या. घरातली पोरं, कुत्रा, फोन, सगळं बाहेर.

आता उभं कसं राहायचं. समजा प्रायमर उडालाच. ज्वाळा फ्लॅश होलमधून वर जाईल, पण वर डायचं जाड पोलाद आहे. वाटी मात्र खाली सुटेल, शेल होल्डरच्या भोकातून रॅमकडे, म्हणजे प्रेसच्या खालीवर सरकणाऱ्या दंडाकडे. म्हणून धोक्याची दिशा खालची आणि रॅमची जी बाजू उघडी आहे तिकडची. तोंड त्या रेषेत आणायचं नाही, डावा हात रॅमखाली नाही, वाकून 'निघाला का' बघायचं नाही. बाजूला उभे राहा, हात दांड्यावर सरळ ठेवा.

पुंगळी शेल होल्डरमध्ये सरकवा. दांडा सावकाश खाली आणा, रॅम वर जाईल. पिन पुंगळीत शिरते, भोकात उतरते, आणि एका जागी थांबते. तो स्पर्श जाणवला की तुम्हीही थांबा. एक श्वास. मग अंगाचा भार दांड्यावर हळूहळू वाढवत जा, जसा मायक्रोमीटरचा थिंबल फिरवतो तितक्या बेताने. झटका नाही, मागे-पुढे करणं नाही, 'जरा मोकळा करू' म्हणून ठोकणं तर नाहीच. कधीतरी हाताला जाणवतं की आत काहीतरी सुटलं, दांडा सहज खाली जातो, आणि फडक्यावर थप्प असा छोटा आवाज येतो. दांडा वर घ्या, पुंगळी काढा, टॉर्चने खोबण बघा, आणि पडलेला प्रायमर लगेच उचलून ठरलेल्या जागी ठेवा. कॅचरमध्ये दुसरा पडण्याआधी पहिला तिथून गेलेला असावा. हे कंटाळवाणं आहे, मला मान्य आहे. पण चार प्रायमर एकत्र पडले असताना पाचवा उडाला, तर मग तो एक प्रायमर राहत नाही.

उलट्या बसलेल्या प्रायमरचं थोडं निराळं. त्यात वाटीचा तळ आतल्या बाजूला असतो आणि ऐरण बाहेर. म्हणजे पिन जिथे टेकते ते वाटीचं नेमकं तेच तोंड जिथे एरवी फायरिंग पिन टोला मारते. सुदैव इतकंच की ऐरणीच्या मागे आधार नाही, ती मोकळी लटकते आहे, त्यामुळे मिश्रण दोन कठीण गोष्टींत तितकं चिरडलं जात नाही. हे बंदुकीत उडवता येत नाही, त्यामुळे एक तर प्रेस, नाही तर विल्हेवाट. मी प्रेसवर काढतो, पण नेहमीपेक्षाही सावकाश, आणि निघालेला प्रायमर पुन्हा वापरत नाही. त्यातली ऐरण सुटून वेगळी पडलेली असू शकते, मिश्रण उघडं असतं. शील्ड न लावता हा प्रकार हातात घेऊ नका.

खोबणीतून जरा वर राहिलेला प्रायमर, जो हाताच्या बोटाला लागतो, तो बऱ्याचदा काढायचीही गरज नसते. रिकामी पुंगळी असेल तर बसवण्याच्या साधनावर सावकाश दाबून तो खाली बसवता येतो. पृष्ठभागाच्या खाली ०.००३ ते ०.००५ इंच बसलेला हवा. काडतूस भरलेलं असेल तर मात्र हे अजिबात करायचं नाही. आधी गोळी ओढा, दारू ओता.

आता निघालेल्या प्रायमरांचं काय करायचं? पुन्हा वापरावेत का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. पिनेच्या दाबाने ऐरण थोडी सरकलेली असते, मिश्रणाला बारीक तडा गेलेला असू शकतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. असा प्रायमर कदाचित व्यवस्थित पेटेल, कदाचित उशिरा, कदाचित नाही. सामन्याच्या काडतुसात मी तो घालत नाही, आणि शिकारीच्या काडतुसात तर मुळीच नाही. नळी तापवायला सुरुवातीला चार बार काढतात, त्यात वापरणारे लोक आहेत. त्यांची मर्जी.

वापरायचे नसतील तर त्यांना 'मारायचं' कसं, यावर फार भाकडकथा आहेत. तेलात टाका, डब्ल्यूडी-४० मारा, पाण्यात भिजवा. आजकालच्या प्रायमरमध्ये मिश्रणावर कागदाचा किंवा लाखेचा पापुद्रा असतो, तेल आत जाईलच याची खात्री नाही. पाण्याचं तर उलटंच आहे. कारखान्यात हे मिश्रण वाटीत ओलंच भरतात, कारण ओलं असताना ते शांत असतं. वाळलं की ते जागं होतं. म्हणजे भिजवलेला प्रायमर वाळला की पुन्हा जिवंत होऊ शकतो. म्हणून तेल मारलेला, भिजवलेला, जुना, गंजलेला, कसाही असो, जिवंत समजूनच हाताळायचा. काम चाललेलं असताना पाण्यात ठेवायला हरकत नाही, पण ती तात्पुरती झोप आहे. नको असलेले प्रायमर रिकाम्या पुंगळीत नीट बसवता येत असतील तर बसवून रेंजवर उडवणं हाच खात्रीचा उपाय. ज्यांची ऐरण सुटली आहे ते थोड्या पाण्यात, प्लास्टिकच्या छोट्या डबीत, चिठ्ठी लावून, आणि मग घातक कचऱ्याबद्दल गावच्या अग्निशमन दलाला फोन. काचेच्या बरणीत सुटे प्रायमर भरून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. ते प्रायमर नाहीत, तो हातबॉम्ब आहे. कारखान्याच्या खोक्यात प्रत्येक प्रायमर वेगळ्या कप्प्यात असतो तो शोभेसाठी नाही. घरच्या कचऱ्यातही टाकू नका, कचरागाडीत सगळं चेपलं जातं.

शिशाचं राहिलं. लेड स्टिफनेट म्हणजे शिसं, आणि जुन्या प्रायमरचा काळा भुगाही तोच. काम चालू असताना चहा नको, तंबाखू नको, तोंडाला हात नको. नंतर टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. हात साबणाने धुवा. कामाचा शर्ट वेगळा.

आणि ही एक गोष्ट, जिच्याबद्दल इथल्या मराठी मित्रांना मी दर डिसेंबरात बजावतो. रेंजची पिशवी आणि प्रवासाची पिशवी वेगळी ठेवा. प्रायमर विमानात न्यायला परवानगी नाही, हातातल्या सामानात नाही आणि खालच्या सामानातही नाही. पिशवीच्या कोपऱ्यात विसरलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर निघालं की सुट्टी पोलिस ठाण्यात जाते, अशा बातम्या आपण वाचतोच.

काढून झालेल्या पुंगळ्या पुन्हा भरायला घेण्याआधी फ्लॅश होल उजेडात बघा. पिन घासून कडेला पितळेचा कंगोरा उठला असेल तर ती पुंगळी बाजूला. खोबण ब्रशने साफ करा आणि नवा प्रायमर बसवताना हाताला लक्ष द्या. खोबणीत तो थोडा घट्ट बसला पाहिजे. अंगठ्याने सहज सरकत असेल तर खोबण सैल झाली आहे, दाबाचा वायू मागे येईल. ती पुंगळी मी पक्कडने चेपून भंगारच्या डब्यात टाकतो, म्हणजे पुढच्या वसंतात कोणी ती परत माझ्याकडे आणत नाही.